मागील बाकी: आत्याच्या तानपुरा-डब्याच्या नोंदी

९ नोव्हेंबर

ठरलं एकदाचं. आत्यासाठी तानपुऱ्याचा डबा करायचा. उजवा खांदा आखडल्यापासून तिचा खरा तानपुरा गवसणीत कोपऱ्यात उभा आहे. मोबाइलवरचा तानपुरा तिला चालत नाही, कारण षड्ज लागतो न लागतो तोच कुणाचातरी फोन येतो. "एक खटका आणि एक कान, बास," एवढीच तिची मागणी. कान म्हणजे आवाजाचा नॉब. आमच्या घरी रेडिओच्या काळापासून नॉबला कानच म्हणतात.

सामान: दोन वर्षं ड्रॉवरमध्ये पडलेला ईएसपी ३२ चा बोर्ड (छोटा प्रोसेसर), एसडी कार्डाची पट्टी, पीएएम ८४०३ अॅम्प्लिफायर, तीन इंची स्पीकर आणि गजकचा रिकामा पत्र्याचा डबा. या बोर्डात २५ आणि २६ नंबरच्या पिनांवर ८ बिटांचे दोन डॅक (आकड्यांचं व्होल्टेज करणारे भाग) आतच आहेत, म्हणजे वेगळा डॅक नको. सोळा बिटांचा छोटा बोर्ड काही फार महाग पडत नाही, हे ठाऊक आहे. पण घरात आहे त्यात भागवायचं ही आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घराची जुनी खोड, आणि ती माझ्यातही पुरेपूर उतरली आहे.

१० नोव्हेंबर

पहाटे चारला रेकॉर्डिंग. त्यानंतर गल्लीत दुधाच्या किटल्या वाजायला लागतात. मागच्या खोलीत चारही भिंतींना रजया टांगल्या. तानपुरा आत्याच्या एका विद्यार्थिनीने छेडला, आत्या खुर्चीवरून हुकूम सोडत होती: "बोटाचं पेर लाव, नख नको." पट्टी काळी चार. जोड (मधल्या दोन षड्जाच्या तारा) २०७.६५ हर्ट्झ, खरज (खालचा षड्ज) १०३.८, पंचम १५५.७. लॅपटॉपवर २४ बिटांत घेतलं, १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, म्हणजे आवाजाचे नमुने) करून कार्डावर टाकलं.

११ नोव्हेंबर

वाजला! मोठ्या आवाजात लावला तर स्वयंपाकघरापर्यंत जवारी, तारेचा झंकार, ऐकू येते. आत्या खूश. मीही.

रात्री साडेदहाला तिचा फोन: "अरे, काय भनभन आहे रे ही? मच्छर शिरलाय डब्यात."

१३ नोव्हेंबर

ऑफिसातून थेट तिच्याकडे. दिवसा मोठ्याने लावला तर काही नाही. रात्री शेजारी झोपलेले म्हणून कान पिळून आवाज बारीक केला की खरजाच्या शेपटाला एक चरबरीत, कुरकुरीत काहीतरी चिकटतं. तार सुटते तेव्हा नसतं. आस विरत जाते तसं ते वर येतं. साधी खरखर असती तर आत्या काही म्हणाली नसती. तिची तक्रार वेगळीच: "खरखर नाही ही. यात सूर आहेत. आणि ते माझ्या षड्जाचे कुणी लागत नाहीत."

कारण शोधायला फार वेळ लागला नाही, लाज मात्र वाटली. नॉब वाचून मी प्रत्येक सॅम्पलला त्या प्रमाणात गुणतो, आणि मग १६ बिटांतले वरचे ८ डॅकला देतो. खालचे ८ सरळ टाकून देतो. आवाज निम्मा केला की एक बिट गेला. सोळावा भाग केला की चार गेले, उरले चार, म्हणजे फक्त १६ पायऱ्या. त्यात तानपुऱ्याची विरणारी आस म्हणजे दोन-तीन पायऱ्यांवरची चढउतर. कागदोपत्री ३.३ व्होल्टचे २५६ भाग, एक पायरी १२.९ मिलिव्होल्टची. त्याहून बारीक जे काही असेल, त्याला या डब्यात जागाच नाही.

१५ नोव्हेंबर

दिवसभर लाइट येऊन-जाऊन. काम शून्य.

१६ नोव्हेंबर

बोर्ड बाजूला ठेवला, सगळं आधी लॅपटॉपवर करून बघायचं ठरवलं. पायथॉनमध्ये शुद्ध साइन घेतला, आवाज उतरवला, ८ बिटांवर आणला, स्पेक्ट्रम (कोणत्या हर्ट्झला किती जोर, त्याचा आलेख) काढला.

पहिल्या फेरीत स्वतःलाच फसवलं. सवयीने ४४१ हर्ट्झ घेतला. ४४१ चा एक फेरा ४४,१०० च्या दराला बरोब्बर १०० सॅम्पलांत बसतो, त्यामुळे राउंडिंगची चूकही दर १०० सॅम्पलांनी तंतोतंत तीच येते. सगळी घाण ४४१ च्या पटींवरच बसली: ८८२, १३२३ वगैरे. म्हणजे सुरातच. मग आत्याला बेसूर काय ऐकू येतंय?

चहा पिऊन आल्यावर उजेड पडला. तिचा षड्ज घेतला, २०७.६५. हा ४४,१०० ला भागून पूर्ण येत नाही. पायऱ्यांमुळे निघालेले संनादी (मूळ सुराच्या पटीतले सूर) दराच्या निम्म्या, २२,०५० च्या वर गेले की तिथून घडी पडून खाली येतात, आणि कुठेही पडतात. २११ वा संनादी ४३,८१४ वर. तो घडी पडून २८६ हर्ट्झवर आला. आत्याचा शुद्ध मध्यम २७६.९ वर, तीव्र २९२ वर. म्हणजे हा ना धड शुद्ध, ना तीव्र. तिने नेमका हाच ऐकला असं मी म्हणणार नाही, कारण तो एकटा अगदी अशक्त आहे. पण अशा शेकडो रेघा आहेत, आणि खऱ्या तानपुऱ्यात एक साइन नसतो, चार तारांचे ढीगभर स्वर असतात. तेव्हा "यात सूर आहेत" हे तिचं निदान माझ्या स्पेक्ट्रमच्या तीन दिवस आधीचं आणि अचूक.

चूक असणं एक, आणि चूक सुराला चिकटून चालणं एक. दुसरं कानाला सोसत नाही.

१७ नोव्हेंबर

आज आत्याच्या ओट्यावर बसून समजावायचा प्रयत्न केला. ती मेथी निवडत होती.

म्हटलं, समज भाजीवाल्याकडे फक्त दहाच्या नोटा चालतात, सुट्टे कुणाकडेच नाहीत. रोज चार रुपयांची कोथिंबीर घेतेस. तो जवळच्या दहावर हिशेब करतो. चार म्हणजे शून्य.

"म्हणजे रोज फुकट?"

रोज फुकट. त्याच्या वहीत तुझी कोथिंबीर मुळी नाहीच. माझ्या डब्यात हेच होतं. अर्ध्या पायरीहून लहान सूर म्हणजे नाहीच. आता समज, हिशेब करण्याआधी त्याने रोज एक चिठ्ठी काढली, उणे दहा ते अधिक दहा रुपयांची, आणि ती तुझ्या चारात मिळवून मग दहावर आणलं. एखाद्या दिवशी तू दहा देशील, एखाद्या दिवशी शून्य, क्वचित तोच तुला दहा देईल. पण वर्षाअखेर सरासरी काढली तर रोजचे चार.

आत्याने मेथीची काडी मोडली. "आणि रोजच्या रोज काय? कटकट."

कटकट आहेच. तीच खरखर. पण ती कोथिंबिरीची कटकट नाही, चिठ्ठीची. कोथिंबीर तीन रुपयांची असो वा सातची, कटकट तेवढीच.

घरी येऊन हाच हिशेब पायऱ्यांत केला. सॅम्पल ०.४ पायरीचं. त्यात दोन यादृच्छिक आकडे मिळवायचे, प्रत्येकी उणे अर्धा ते अधिक अर्धा पायरी, मग राउंड करायचं. हजार वेळा केलं तर सरासरी ४०५ वेळा १ येतो, ५ वेळा उणे १, उरलेले ५९० वेळा शून्य. ४०५ मधून ५ गेले, ४०० राहिले, भागिले हजार: ०.४. जो सूर पायरीखाली मेला होता तो जिवंत! लॅपटॉपवर ०.४ पायरीचा साइन आधी लावला तर सपाट शांतता, डिदर (हीच चिठ्ठी, मुद्दाम मिसळलेली खरखर) घालून लावला तर सळसळीच्या आत तो षड्ज, लांबून पण नितळ.

१८ नोव्हेंबर

थोडं वाचन. ही युक्ती आधी चित्रांसाठी छापून आली: १९६२ मध्ये लॅरी रॉबर्ट्सने मोजक्या छटांत चित्र पाठवताना यादृच्छिक खरखर मिसळायचं सुचवलं. हाच रॉबर्ट्स पुढे इंटरनेटच्या पूर्वजाचा, अर्पानेटचा कर्ता. ध्वनीच्या बाजूला १९८४ मध्ये कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या वँडरकॉय आणि लिपशिट्झ यांनी दाखवलं की डिदर घातलं तर सर्वांत खालच्या बिटाच्याही खालचं ऐकता येतं. मला हे "दाखवलं" यापेक्षा "ऐकवलं" म्हणायला आवडेल.

२० नोव्हेंबर

एक आकडा की दोन? कालपर्यंत पुस्तकात लिहिलंय म्हणून दोन घेत होतो. आज एकच घेऊन पाहिला: उणे अर्धा ते अधिक अर्धा.

सरासरी तरीही बरोबर येते. पण सॅम्पल अगदी शून्यावर असेल तर त्या चिठ्ठीने ते कधीच पायरी सोडत नाही, म्हणजे खरखर शून्य. सॅम्पल अर्ध्यावर असेल तर निम्मे वेळा वर, निम्मे वेळा खाली, म्हणजे खरखर जास्तीत जास्त. परिणाम ऐकायला विचित्र: सूर हळूहळू सरकतो तशी खरखर फुगते, ओसरते, दम्याच्या माणसासारखी. दोन आकड्यांत असं होत नाही. गणित मांडलं: सॅम्पल ०ला असताना चुकीच्या वर्गाची सरासरी (म्हणजे खरखरीची शक्ती) ०.२५, ०.४ला असताना ०.४१ वजा ०.१६, पुन्हा ०.२५. सॅम्पल कुठेही असो, ०.२५च. हे बघून मी खुर्चीत जरा मागे रेललो. आकडे इतके शहाण्यासारखे वागले की बरं वाटतं.

किंमत आहे: साध्या राउंडिंगपेक्षा खरखरीची शक्ती तिप्पट, ४.७७ डेसिबल. ८ बिटांचं कागदावरचं ५० डेसिबल ४५ वर येतं. देऊ.

२३ नोव्हेंबर

बोर्डावर चढवलं. प्रत्येक सॅम्पलला दोन यादृच्छिक आकडे काढायचे म्हणजे वेळ जाईल या भीतीने शहाणपणा केला: १,०२४ आकड्यांचं तयार कोष्टक, फिरत राहील. भनभन गेली आणि तिच्या जागी एक जाड "घुर्रर्र" आली. तासभर पॉवर सप्लायला शिव्या घातल्या, कपॅसिटर बदलले, यूएसबीऐवजी बॅटरी लावून पाहिली.

४४,१०० भागिले १,०२४ म्हणजे सेकंदाला ४३ फेऱ्या. तीच तीच खरखर सेकंदाला ४३ वेळा वाजवली तर ती खरखर राहतच नाही, ४३ हर्ट्झचा सूर होतो. माझीच करणी.

कोष्टक काढून टाकलं. मार्साग्लियाचा झॉरशिफ्ट, बिट सरकवून यादृच्छिक आकडे काढायची रीत, घातला: १३ डावीकडे, १७ उजवीकडे, ५ डावीकडे, तीन ओळी. याचा फेरा चार अब्जांहून मोठा, म्हणजे सॅम्पलला दोन आकडे काढूनही रियाझाच्या एका बैठकीत परत येणार नाही. वेळेची भीतीही खोटी ठरली. प्रोसेसर माश्या मारत बसलेला असतो.

२७ नोव्हेंबर

आत्याची परीक्षा. रात्री दहा, कान अगदी खाली. तिने डोळे मिटून खरजाची चार आवर्तनं ऐकली.

"मच्छर गेला. आता जुन्या कॅसेटसारखं येतंय, सळसळ. तानपुरा मागे, सळसळ पुढे."

"चालेल?"

"चालेल कसं? तानपुरा पुढे हवा."

१ डिसेंबर

नॉइज शेपिंग, म्हणजे खरखर एका पट्टीतून दुसरीत ढकलणं. यातली खुबी समजावताना मला शब्द सापडत नव्हते, ते आत्याने दिले. कोथिंबिरीच्या गोष्टीवर तिचा आक्षेप होता की चिठ्ठ्या कशाला काढायच्या, आमच्या वाण्यासारखी मागील बाकी पुढे ओढावी ना! अगदी तेच.

चार रुपये, दिले शून्य, बाकी चार. दुसऱ्या दिवशी चार अधिक बाकी चार, आठ. दिले दहा, आता वाण्याकडे माझे दोन. तिसऱ्या दिवशी चारातून दोन गेले, दोन. दिले शून्य, बाकी दोन. चौथ्या दिवशी सहा. दिले दहा, चार माझे. पाचव्या दिवशी शून्य, हिशेब फिटला. पाच दिवसांत वीस, चिठ्ठी नको की नशीब नको. चूक तेवढीच होते, पण तिला साचू दिलं जात नाही, लगेच उलट दिशेला फेडली जाते. म्हणून ती भराभर इकडून तिकडे हलणारी, म्हणजे वरच्या पट्टीतली होते, आणि खालची पट्टी, जिथे तानपुरा आहे, ती मोकळी होते. कोडमध्ये व्हेरिएबलचं नावच बाकी ठेवलं.

एक ओळ वाढवली. आणि आत्याच्या "चिठ्ठ्या कशाला" या वाक्याच्या भरात डिदरची ओळ काढून टाकली.

तानपुरा सुंदर. पण फाइलच्या सुरुवातीला, पहिली तार छेडण्याआधी दोन सेकंदांची शांतता आहे, तिथे शिट्टी! साधारण ४,४८० हर्ट्झ. त्याहून मजा म्हणजे कान पिळला की शिट्टी खाली घसरत येते. निम्म्यावर आणला तर बरोबर एक सप्तक खाली. आत्या हसून हसून लाल: "अरे, तुझा डबा मींड घेतोय!"

३ डिसेंबर

शिट्टीचा हिशेब लागला. रेकॉर्डिंगमध्ये बारीकसा डीसी सरकाव आहे (सगळी लाट शून्यापासून जरा सरकलेली), १६ बिटांच्या मापाने २६. आठ बिटांच्या पायरीत तो २६ भागिले २५६, म्हणजे पायरीचा दहावा हिस्सा. बाकी साचत जाते आणि दर दहाएक सॅम्पलांनी एक पायरी पडते. ४४,१०० चा दहावा हिस्सा म्हणजे तो सूर. आवाज निम्मा केला की सरकावही निम्मा, मग वीसएक सॅम्पलांनी पायरी, सूर निम्मा. वाणी दर दहाव्या दिवशी ठरलेल्या वेळी दार ठोठावतो; गल्लीला त्याची वेळ पाठ होते.

तेव्हा चिठ्ठीही हवी आणि बाकीही हवी. डिदर त्या फेऱ्याच्या आत घालायचं, बाकी मोजताना डिदरच्या आधीचा आकडा धरायचा. एवढं केलं आणि शिट्टी मेली. डीसी सरकाव फाइलमधूनही काढला, पण तो शेवटी. आधी काढला असता तर रोग लपला असता.

५ डिसेंबर

बाकी दोन दिवसांची: मागच्या बाकीची दुप्पट, आणि तिच्याही मागची एकदा परत. यालाच दुसऱ्या क्रमाचं शेपिंग म्हणतात. एक हजार हर्ट्झला खरखर ३४ डेसिबलने उतरते, तीन हजारला १५ ने. सॅम्पल रेटच्या सहाव्या भागाला, म्हणजे ७,३५० ला, जैसे थे, आणि त्याच्या वर वाढत वाढत टोकाला १२ डेसिबल जास्त. फुकट काही नाही. मायकेल गर्झन आणि पीटर क्रेव्हन यांनी १९८९ मध्ये हे प्रमेय म्हणून मांडलं: डेसिबलच्या आलेखात जेवढा खड्डा खणाल, किमान तेवढा ढिगारा दुसरीकडे पडणारच. विहीर खणणाऱ्याला हे सांगायला प्रमेय लागत नाही, पण असो.

संध्याकाळी आत्याकडे घेऊन गेलो. मोठा आवाज लावला, आणि तिसऱ्याच आवर्तनाला "काड्!" असा फटाका. आत्याच्या हातातली कपबशी हलली, चिऊ (माझी नऊ वर्षांची) आनंदाने किंचाळली. कारण: तानपुऱ्याचं शिखर आधीच २५४ ला, त्यात डिदर, त्यात फुगलेली बाकी, बेरीज २५६. आठ बिटांत २५६ म्हणजे पुन्हा ०. छतावर चढलेला थेट तळघरात.

आता आकडा ० ते २५५ मध्ये दाबतो, बाकीलाही मर्यादा घातली (नाहीतर एकदा छत लागलं की ती फुगतच जाते), आणि फाइलचा आवाज दीड डेसिबलने उतरवला.

७ डिसेंबर

हाव सुटली. मागच्या पाच बाक्यांना लावायचे, लिपशिट्झ मंडळींचे ४४.१ साठीचे पाच गुणक मिळाले: २.०३३, उणे २.१६५, १.९५९, उणे १.५९०, ०.६१४९. हे कानाच्या संवेदनेच्या वक्राला धरून बेतलेले आहेत. जिथे कान सर्वांत तिखट, तिथे खड्डा खोल. टोकाला मात्र ढिगारा १९ डेसिबलचा. सोळा बिटांत हे चालतं, कारण मुळात खरखर मुंगीएवढी असते. आठ बिटांत?

मला छान वाटलं. आत्याला तर फारच: "आता कसं, तानपुरा पुढे आला." चिऊ कानावर हात ठेवून दारात उभी: "बाबा, ते सीईईई बंद करा ना."

आत्या अडुसष्ट, मी चव्वेचाळीस. आमच्या दोघांच्या कानांनी वरचा मजला कधीच भाड्याने दिलाय. खरखर गेली नव्हती, आम्हाला ऐकू येणार नाही अशा जागी जाऊन बसली होती, आणि तिथे चिऊ राहते.

१० डिसेंबर

उपाय: मजलेच वाढवायचे. सॅम्पल रेट दुप्पट, ८८.२. लॅपटॉपवरच फाइल रिसॅम्पल करून कार्डावर टाकली, बोर्डाला काही डोकं लावावं लागत नाही. पाच गुणक ४४.१ साठीच बेतलेले, म्हणून ते सोडले, साध्या दुप्पट-एकावर परत आलो. आता सहावा भाग १४,७०० ला येतो, तीन हजारला २७ डेसिबल उतार मिळतो, आणि ढिगाऱ्याचा मोठा हिस्सा २२,००० च्या पलीकडे, जिथे चिऊसुद्धा राहत नाही. डॅकच्या पिनेनंतर १ किलोओम आणि १० नॅनोफॅरडची गाळणी लावली, कोपरा १५.९ किलोहर्ट्झ. हीही पूर्ण अडवत नाही, पण अॅम्प्लिफायरला उगाच वरचं पाजायला नको.

चिऊला बोलावलं. ती डब्याला कान लावून बसली. "आता फक्त टँऽग टँऽग येतंय."

मग तिने विचारलं की डबा उघडून आतली मिठाई कुणी खाल्ली.

१६ डिसेंबर

आठवडाभर डब्याला हात नाही. तानसेन समारोहासाठी आत्याकडे पाहुणे, मला स्टेशन ते हजीरा हमाली. एका पाहुण्या काकांनी डबा पाहून विचारलं, आठ बिटांवर तानपुरा? त्यांना फिलिप्सच्या पहिल्या सीडी प्लेअरची गोष्ट सांगितली. सीडी १६ बिटांची, पण त्यांचा डॅक टीडीए १५४० फक्त १४ बिटांचा. त्यांनी दर चौपट केला, १७६.४ किलोहर्ट्झ, आणि कापलेल्या बिटांची बाकी पुढे ओढली, म्हणून ऐकू येणाऱ्या पट्टीत काम सोळाचं झालं. आणि पुढे १९९९ ची एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) तर एकाच बिटावर चालली, सेकंदाला २८,२२,४०० वेळा. काका म्हणाले, "म्हणजे पायऱ्या कमी, पळापळ जास्त." याहून चांगलं मी सांगू शकलो नसतो.

२१ डिसेंबर

आज जे केलं ते पहिल्या दिवशी करायला हवं होतं. आवाजाचा कान कोडमधून काढून डॅक आणि अॅम्प्लिफायरच्या मध्ये लावला: बाड्याजवळच्या दुकानातून आणलेला १० किलोओमचा साधा पॉट (फिरवायचा रोधक). डॅक आता कायम पूर्ण उंचीवर चालतो, आणि आवाज कमी केला की तानपुऱ्याबरोबर खरखरही कमी होते. दीड महिन्याच्या गणितापेक्षा या एका पॉटने रात्रीचा प्रश्न जास्त सोडवला, हे इथे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो.

तरी डिदर आणि बाकी काढली का? काढून पाहिली. खरजाच्या अगदी शेवटच्या टोकाला, पुढची तार येण्याआधी, तो जुना मच्छर बारीक आवाजात आहेच. परत घातली.

२८ डिसेंबर

डबा देवघराशेजारच्या फळीवर गेला. आत्या रोज सकाळी सहाला लावते. आज मी समोर असताना तिने भैरवचा रिषभ लावला, थांबली, कान डब्याकडे वळवला.

"पंचम उतरलाय."

मी म्हटलं शक्य नाही, फाइल तीच आहे, पहिल्या दिवसापासून तीच.

"मग पहिल्या दिवसापासून उतरलाय. सळसळीत कळत नव्हतं. नीट ऐक, जोडीवर हेलकावा येतोय."

लॅपटॉप उघडला. पंचम १५५.३, हवा होता १५५.७ च्या थोडा वर. त्याचा चौथा संनादी ६२१.२, षड्जाचा तिसरा ६२२.९५. सेकंदाला पावणेदोन हेलकावे. रेकॉर्डिंगच्या पहाटे थंडीत खुंटी सरकली असावी, आणि आम्ही तिघेही झोपेत.

रविवारी पुन्हा रजया टांगायच्या. त्याआधी पंचमाची तार बदलायची, मणी बसवायचे, जवारीचा दोराही नवा घालायचा. चिऊ म्हणते या वेळी ती छेडणार.